कढईत गेलेली शिदोरी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको: चूक माझी होती. आमच्या वन्सं अजून ते मानत नाहीत. त्यांच्या मते चूक मारुतीची, आणि मारुतीला जाब कोण विचारणार? घरी येऊन आता तीन आठवडे झाले, तळपायाची जुनी साल निघून नवी आली, तरी आमटी वाढताना आम्ही एकमेकींकडे बघतो आणि फिस्सकन हसू फुटतं. घरातल्या माणसांना वाटतं, डोंगरात काहीतरी डोक्यावर पडलं असावं.

मी सुमन, राहणार संगमनेर. बत्तीस वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचं फॅट तपासलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शकुंतला. वय चौसष्ट. कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत डोंगराडोंगरानं चालत जायचं, मध्ये एकाही गाडीत पाय ठेवायचा नाही, हे खूळ त्यांचं. लहानपणी गावातल्या घराच्या ओट्यावरून थंडीच्या सकाळी पश्चिमेला डोंगरांची निळी ओळ दिसायची म्हणे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तर किती दिवस लागतील, असं त्या वडिलांना विचारायच्या. वडील म्हणायचे, आधी भांडी घास. मग लग्न झालं, मग मुलं, मग सासूचं दुखणं, आणि आता डावा गुडघा. संक्रांतीनंतर त्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे डोंगर विसरायचे. त्या दवाखान्यातून बाहेर आल्या आणि पायऱ्यांवरच मला म्हणाल्या, "सुमन, अजून दोन महिने आहेत."

नणंद-भावजय पाठीवर बोजे घेऊन डोंगरात निघाल्या, हे कळल्यावर आमच्या गल्लीतले निम्मे लोक म्हणाले वेड लागलं, आणि उरलेले म्हणाले, भांडून एकटी कोण परत येते ते बघू. वन्संचा मुलगा किरण पुण्यात असतो. त्यानं बरीच आदळआपट केली आणि शेवटी एका अटीवर कबूल झाला. पाचव्या दिवशी आमची वाट एका वाडीतून जाणार होती, तिथं तो जीप पाठवणार. गुडघा, जेवण, हवा, यातलं काहीही एक बिनसलेलं असलं की आईनं मुकाट जीपमध्ये बसायचं. "मामी, मी तुमच्यावर सोपवतोय," तो मला म्हणाला. वन्सं नेहमीसारख्या "बरं" म्हणाल्या. मीही मान हलवली. काय बिघडणार होतं? नियोजन मी केलं होतं.

खिंडीतला बिनसाखरेचा चहा

धडधाकट माणसं ही वाट चार दिवसांत संपवतात. आम्ही आठ ठरवले होते. आठ दिवसांचा शिधा पाठीवर घेतला तर दोघीही पहिल्याच चढावर बसकण मारू, म्हणून मी हुशारी केली. चार दिवसांचं बरोबर घेतलं आणि उरलेल्या चार दिवसांचं एका गोणीत भरून पुढं पाठवलं. राजूरहून या वाड्यावस्त्यांवर रोज सकाळी दुधाची गाडी जाते. दूध गोळा करणारा गडी माझ्या नोकरीच्या दिवसांपासून ओळखीचा. त्याच्याकडे गोणी दिली आणि सांगितलं, वाडीतल्या मारुतीच्या देवळात ठेव. गोणीवर तांबड्या मार्करनं हातभर अक्षरांत दोघींची नावं लिहिली. आत काय काय होतं ते ऐका: बदाम, खजूर, मनुके, दोन किलो थालीपिठाची भाजणी, मेतकूट, नूडल्सची बारा पाकिटं, मखाणे, उन्हात घ्यायच्या संत्र्याच्या चवीच्या मीठ-साखरेच्या पुड्या, चहा-साखर, पायमोजे आणि वन्संच्या मरून रंगाच्या जाड नी-कॅपची जोडी. मी किचनच्या काट्यावर एकेक बदाम मोजून घातला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आपल्याला नाही दुसऱ्यांना लागू पडते असं मला तोवर वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही कात्राबाईच्या खिंडीच्या अलीकडे झाडीत तंबूत होतो. शिल्लक होतं ते एक लिंबू, मूठभर पोहे आणि चहाची पावडर. गूळ रतनगडावर माकडानं नेला होता. नुसता नेला नाही, समोरच्या बुरुजावर बसून, आमच्या डोळ्यांत डोळे घालून, बोटं चाटत संपवला. वन्संनी त्याला "अरे, मेल्या" म्हटलं तर त्यानं मान वळवून असं काही बघितलं की वन्संनी आपोआप पदर सारखा केला.

बिनसाखरेचा लिंबाचा चहा मी पहिल्यांदा प्यायले. वन्संनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "पितळी भांडी घासायला बरा आहे." आम्ही दोघी तिथंच गवतात आडव्या झालो. हसण्यासारखं फार काही नव्हतं खरं तर. पण पाच दिवस कुणासाठी डबा भरला नव्हता, कुणाचा फोन घेतला नव्हता, अंगाला धुराचा आणि घामाचा वास मारत होता आणि त्याची कुणालाच पडलेली नव्हती. त्या रानात आम्हाला कशाचंही हसू यायचं. चालता चालता वन्सं ढेकर देण्याची गाणी रचायच्या. होय, आमच्या वन्सं, ज्यांनी मला लग्नानंतरची पहिली दहा वर्षं मोठ्यानं हसू दिलं नाही.

रतनवाडीपासून बरोबर असलेला वाटाड्या आम्हाला खिंडीत घेऊन गेला. वर कात्राबाईचं ठाणं आहे, दगड आणि शेंदूर, बाकी काही नाही. येणारा-जाणारा तिथं हिरवी डहाळी वाहतो. आम्हीही वाहिली. मागं वळून पाहिलं तर सगळं पाणी प्रवरेला जाणारं, म्हणजे अखेर आमच्या संगमनेरच्या नळाला येणारं. पुढच्या बाजूचं सगळं पाणी मुळेचं. मधल्या टीचभर जागेत एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून वन्सं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता मी कुणाच्याच हद्दीत नाही." मग गुडघ्यात कळ आली म्हणून माझा खांदा धरून खाली बसल्या.

खाली दरीत कौलं दिसली, वाडी ओळखू आली, तसा वाटाड्या परत फिरला. उतार दोन तासांचा, पण वन्संना साडेतीन तास लागले. त्या डावा पाय न वाकवता, काठी रोवत, आडव्या होऊन उतरत होत्या. मी पुढं राहून त्यांना गोणीतल्या मालाची लालूच दाखवत होते. "वन्सं, खजूर." एक पाऊल. "वन्सं, साखरेचा चहा." दोन पावलं. "वन्सं, मेतकूट-भात, वर तूप." तुपाला त्या चक्क उडी मारणार होत्या.

वाडी

वाडीचं नाव सांगत नाही. तिथल्या बायांनी मला बजावलंय, आमची फजिती कुठं छापायची असली तर नाव घालू नका. तेवढं मी पाळते.

वेशीच्या बाहेरूनच पखवाज ऐकू आला. झाडाझाडाला पताका, रस्त्यावर सडा, आणि घराघरातून डोक्यावर भाकरीच्या टोपल्या घेऊन देवळाकडे निघालेल्या बाया. भातं झोडून झाली होती, लोकांचे हात मोकळे होते. वाडीत हरिनाम सप्ताह बसला होता आणि आज त्याचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. आमच्या घरी पाव्हणा दारात आला की आधी कोण, कुठले ते विचारतात. इथं एका बाईनं आमचे बोजे बघितले, वन्संचा पाय बघितला, आणि काही न विचारता तांब्याभर पाणी हातात दिलं.

आंब्याखाली एक पांढरी जीप उभी होती. चालक बॉनेटवर बसून ऊस खात होता. आम्हाला बघून उतरला, हात पुसले. "किरणसाहेबांनी पाठिवलंय. मी तीनपतोर थांबणार हाय. समदं बरं हाय ना, मावशी?"

"सगळं उत्तम," वन्सं म्हणाल्या. पण जीप बघून त्यांचा चेहरा उतरला होता, ते मला दिसलं. 

"चला, गोणी घेऊ, नी-कॅप चढवू, साखरेचा चहा पिऊ आणि याला रिकामा वाटेला लावू," मी म्हणाले. घड्याळात साडेबारा वाजले होते.

देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. कीर्तन रंगात आलेलं. मी दारातून, खिडकीतून, पाराखाली, चपलांच्या ढिगाऱ्यापलीकडे, सगळीकडे गोणी शोधली. नव्हती. देवळाच्या मागं पडवीत शिध्याची पोती रचलेली, त्यातही नाही. वाडीतलं एकुलतं एक दुकान बंद, कारण दुकानदार आत पखवाज वाजवत होता.  दूधवाल्याला फोन लावावा तर रेंज नाही. नाही म्हणजे देवळाच्या मागच्या जोत्यावर आहे, पण तिथं चार माणसं आधीच एका पायावर उभी.

तेवढ्यात वन्संनी माझ्या दंडाला चिमटा काढला. असा की अजून वण आहे. "सुमन. विणेकरी."

सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. आळीपाळीनं कुणीतरी ती गळ्यात घालून अखंड उभं असतं. आत्ता एक सत्तरीचे बाबा वीणा घेऊन डोलत होते. पांढरी टोपी, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही गुडघ्यांवर वन्संच्या मरून नी-कॅप.

मी वन्संकडे बघितलं, वन्संनी माझ्याकडे. कीर्तनात हसणं म्हणजे पाप, हे आम्हा दोघींना कळतं. आम्ही पदर तोंडात कोंबला. समोर महाराज वैराग्य सांगत होते आणि आम्ही दोघी खांबाला धरून गदगदत होतो. शेजारच्या आजीला वाटलं आम्हाला भक्तीचं भरतं आलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्यानं तर आणखीच पंचाईत झाली.

कसंबसं बाहेर आलो. देवळामागं चुलाण पेटलेलं, त्यावर आंघोळीला बसता येईल एवढी कढई, आमटी रटरटतेय. एक उंच, काळी, खणखणीत आवाजाची बाई फावड्याएवढ्या उलथन्यानं ढवळत होती. तिचं नाव हौसाबाई, स्वयंपाकाचा सगळा कारभार तिच्याकडे. भाकरीच्या टोपल्यांवर एक गोणी झाकलेली होती. मी कोपरा उचलून पाहिला. गोणी उलटी केलेली होती. आतल्या बाजूला तांबड्या मार्करमध्ये, हातभर अक्षरांत, आमची नावं.

"ही गोणी कुठं मिळाली?" मी विचारलं.

"परवा दुधाच्या गाडीनं आली. संगमनेराहून कुनीतरी मारुतीला शिदा पाठिवला," हौसाबाई कौतुकानं म्हणाली. "लई भारी शिदा, ताई. आमच्या वाडीत असा कंदी आला नव्हता."

"अहो, पण त्यावर नाव होतं."

"आसंल की. आमी नाव वाचत न्हाई." तिनं उलथनं कढईच्या काठाला टेकवलं. "सप्त्याला समदी घरं शिदा देत्यात. कुनी पायलीभर देतं, कुनी वंजळभर. नाव वाचलं का माप बी ध्यानात ऱ्हातं, अन् मंग वंजळवाल्याची मान खाली जाती. म्हनून शिदा आला का तोंड फिरवून वतायचा अन् पोतं उलटं करायचं. आमच्या आज्यापंज्यापासून हे आसंच हाय."

 गावोगावी देणगीदारांच्या नावांच्या फरशा बसवलेल्या देवळांत मी जाऊन आलेय. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा नऊ जणांची नावं आहेत. आणि या चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत मी हातभर अक्षरांत लिहिलेलं नाव कुणी मोठ्या मनानं वाचलंच नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, इथं तर मारुती समोर उभाच होता.

"मग आतलं सगळं?" वन्संनी विचारलं.

हौसाबाईनं उत्साहानं यादी सांगितली. बदाम-खजूर लापशीत. भाजणी आमटी घट्ट करायला. "त्या वाकड्यातिकड्या शेवया" चुरून आमटीत. पांढऱ्या मोठ्या लाह्या काल्याच्या दह्यात. आणि केशरी पुड्या, लापशी केशराची दिसंल म्हणून, लापशीत. "मोजं अन् त्या गुडघ्याच्या पिशव्या काय शिजत न्हाईत, मंग विणेकरी बाबास्नी दिल्या. त्यांचं पाय लई सुजत्यात उभं राहून."

वन्सं मटकन पोत्यावर बसल्या. मला वाटलं, रडतात. त्या हसत होत्या. आवाज फुटत नव्हता, नुसतं पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी. "एकेक बदाम," त्या म्हणाल्या, "मोजून घातला होता गं हिनं, एकेक." हौसाबाईला काही कळेना. मला सांगावंच लागलं, की ती गोणी मारुतीची नव्हती, आमची पुढच्या तीन-चार दिवसांची शिदोरी होती, आणि आता हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईपर्यंतच्या रानात आमच्याकडे एक लिंबू आहे.

हौसाबाईच्या हातातून उलथनं सुटलं. तिचा चेहरा असा झाला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. "आगं आई," ती एवढंच म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन देवळाकडे निघून गेली.

पंगत

कीर्तन संपल्यावर आम्हाला पहिल्या पंगतीत, बायांच्या ओळीत, अगदी मध्ये बसवलं. मी नको नको म्हणत होते, पण पानावर पडल्यावर कसली नको. नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी, वर आमटीचा पूर. त्या आमटीत काय नव्हतं! गोडा मसाला, खोबरं, आमचं मेतकूट, आणि मधूनच जिभेवर सरकणारा चायनीज शेवयांचा तुकडा. सोबत खुरासणीची काळीभोर चटणी. काल्यातल्या मखाण्यांना पोरं "मोत्याच्या लाह्या" म्हणत होती आणि त्यासाठी भांडत होती. लापशी केशरी, थोडी गोड, थोडी खारट, थोडी संत्र्याची. मी दोनदा घेतली. वन्संनी तीनदा. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी अन्नाला चव आहे की नाही हे न तपासता एवढं जेवले नव्हते.

पण जेवता जेवता माझं लक्ष आंब्याखालच्या जीपकडे जात होतं. अट स्वच्छ होती. काहीही एक बिनसलं तर जीप. इथं जेवणही बिनसलं होतं आणि गुडघाही सुजला होता. वन्सं हसत होत्या खऱ्या, पण डावा पाय मांडी न घालता समोर सरळ ठेवला होता, आणि पंगतीतून उठताना त्यांनी माझा हात जरा जास्तच घट्ट धरला. किरणला मी शब्द दिला होता. त्याला फोनवर खोटं सांगायची माझी तयारी नव्हती, आणि खरं सांगायची त्याहून नव्हती.

दोन वाजता पंगती आटोपल्या, वीणा उतरली. विणेकरी बाबा आधी आमच्यापुढं आले. नी-कॅप काढून, घडी घालून, दोन्ही हातांत धरलेल्या. "आक्का, हे तुमचं. तुमच्या पुण्याईनं माझी रात निभली."

"असू द्या की तुम्हाला," वन्सं म्हणाल्या.

"आता मी घरी जाऊन झोपनार. तुमाला डोंगार चढायचाय." त्यांनी नी-कॅप वन्संच्या मांडीवर ठेवल्या आणि आपल्या वाकड्या पायांनी निघून गेले.

त्यांच्या मागोमाग हौसाबाई आली. तिनं सगळ्यांना विचारून घेतलं होतं. "देवाला दिल्यालं परत देता येत न्हाई, ताई. पन देनाऱ्याला वाडीनं उपाशी बी सोडलं न्हाई कंदी. आता तुमी दोघी देवळाच्या म्होरं बसा. मागं वळून बघायचं न्हाई."

तिनं आमची रिकामी गोणी नेऊन देवळाच्या मागच्या भिंतीशी ठेवली. आम्ही समोर पारावर, मारुतीकडे तोंड करून बसलो. मागं पावलं वाजत होती. कुणाच्या बांगड्या, कुणाची काठी. कुणीतरी काहीतरी ओतलं, ते खळखळलं. दोन बाया दबक्या आवाजात काही बोलल्या आणि खुसुखुसू हसल्या. वन्सं हळूच मान वळवायला गेल्या तशी मी त्यांना चिमटा काढला, मघाचा हिशेब चुकता.

अर्ध्या तासानं गोणी समोर आली. नागलीचं पीठ, वरईचे तांदूळ, हुलगे, खुरासणी चटणीचा गोळा, गुळाची ढेप, आल्याचे तुकडे, अर्धा भोपळा, सुतळीनं बांधलेल्या पुडीत सुवासिक तांदूळ, कागदात चहा, आणि सगळ्यात वर कुणाच्या तरी हाताची वंजळभर साखर पानात बांधलेली. कुणी दिली, विचारायचं नाही. मी गोणी उचलून बघितली आणि खाली ठेवली. सहज चौदा-पंधरा किलो. आमचे दोघींचे बोजे मिळून एवढे नव्हते.

"वाडीच्या शिवंपतोर मी उचलते," हौसाबाई म्हणाली. "म्होरं माझी जाऊ अन् तिची लेक पाळीपाळीनं घेत्यात. निम्म्या वाटंवरल्या पान्याच्या टाक्याजवळ तुमाला पोचवून आमी तिघी माघारी फिरतो."

"अहो, कशाला एवढं?"

"माझं म्हायेर पाचनईला हाय. त्या वाटंनं मी सात वर्सं गेली न्हाई." ती खांद्यावर टॉवेलची चुंबळ ठेवत होती. "निम्म्यापतोर तरी जाऊन येते."

जीप

तीन वाजून गेले. जीपवाला जवळ आला. त्याला सगळी हकीकत कळली होती, तोही जेवला होता, आणि त्याच्या मिशीला लापशी लागलेली होती. रेंजचा कुठूनसा तुकडा आला आणि त्याचा फोन वाजायला लागला. किरण.

 वन्संनी काठी टेकली, उभ्या राहिल्या.

जीपवाल्यानं फोनवर हात ठेवला आणि डोळा बारीक केला. "मावशी, तुमी जावा. मी सांगतो, मी येळंवर पोचलोच न्हाई. गाडी वाटंत बंद पडली. आपली चुकामूक झाली. मंग कसं बसवनार तुमाला?" हौसाबाईची जाऊ लगेच म्हणाली, "व्हय, व्हय, आमी बी सांगू." सगळी वाडी आमच्यासाठी खोटं बोलायला एका पायावर तयार होती. मला तर सुटल्यासारखं झालं. मी मान हलवणारच होते.

जीपवाला देवळामागच्या जोत्यावर चढला, रेंज धरली; वन्संही पाठोपाठ चढल्या, मी पायरीशी टेकले. "हां साहेब. काय झालं, गाडी जरा..."

वन्संनी हात पुढं केला. तो थांबला. वन्संनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"किरण, मी आई. जीप इथंच उभी आहे. चांगली आहे, आंब्याखाली. मी बसणार नाही."

पलीकडून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. वन्सं ऐकत होत्या, काठीच्या टोकानं जोत्यावरचा चुना उकरत होत्या.

"गोणी नाही मिळाली. मारुतीनं खाल्ली." आवाज वाढला. "हो, सुजलाय. इथंही सुजतो, तुझ्या सोफ्यावर बसूनही सुजतो." पुन्हा बोलणं. "मामीला देत नाही. तिला मध्ये घालू नको. तिनं तुला दिलेला शब्द तिचा, माझा नाही."

आजूबाजूला दहा-बारा बाया होत्या. कुणी हलत नव्हतं. मला लग्नाला अडतीस वर्षं झाली. या अडतीस वर्षांत वन्संना मी वडिलांपुढं, नवऱ्यापुढं, दिरापुढं, लेकापुढं "बरं" म्हणतानाच बघितलं होतं. त्या "बरं" म्हणतील असं मला अजूनही वाटत होतं, आणि त्यांनी तसं म्हणू नये म्हणून मी मुठी आवळून बसले होते.

"किरण," वन्सं म्हणाल्या, अगदी हळू, त्याला लहानपणी उठवायच्या तशा आवाजात. "मी तुला विचारत नाही रे. सांगतेय."

  वन्सं फोन कानाला तसाच धरून उभ्या होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं आणि त्या म्हणाल्या, "जेवले. पोटभर. तू जेवलास?" थोडं ऐकलं. "मग जेव आधी. तीन वाजून गेले."

त्यांनी फोन जीपवाल्याच्या हातात दिला, नी-कॅप नीट वर ओढल्या आणि काठी टेकत जोत्यावरून उतरल्या. वेशीच्या दिशेनं, हौसाबाईच्याही पुढं. मला हसू येत होतं की रडू, ते मला अजून सांगता येत नाही. हौसाबाईच्या जावेनं मला दंडाला धरून उठवलं, आणि मी माझा बोजा घेऊन वन्संच्या मागं पळाले.